दोन दाती हूक

बदनापूरच्या फलाटावर मी हेल्मेट घालून उभा होतो. पिवळं, कारखान्यात घालतात ते. पिशवीत मावत नव्हतं आणि हात दोन्ही अडकलेले, म्हणून डोक्यावर. लोखंडी टोकाचे बूट नाड्या बांधून गळ्यात. दुपारची गाडी, वैशाखाचं ऊन. जे मला पोचवायला आल्ते त्यांना हा अवतार आठवत असेल. माझ्यामागून त्याच फलाटावरून परमुलखात गेलेले तुम्ही सगळे गाववाले यापेक्षा शहाण्यासारखे कपडे करून निघाला असाल, अशी आशा आहे.

"किसना, ते टोपलं काढ की डोस्क्यावरलं," माय म्हणाली. "लोकं बघून राह्यलेत."

"बघू दे," दादा म्हणाला. "दहा टनाचा हूक तपासायला चाल्लंय पोरगं. वरून पडला मंग?"

आमच्याकडं बापाला दादा म्हणतात, आणि अरेतुरेच करतात. हे आताच सांगून ठेवतो, कारण पुढं याच शब्दावरून माझी बरीच शोभा व्हायची आहे.

गाडी हलली तसा दादा खिडकीला धरून चार पावलं चालला. मला वाटलं, डोळे पुसेल. तो म्हणाला, "हात लावून बघत जा. नदर फसती, हात न्हाई फसत." आणि सुनंदा, माझी बायको, पोरीला कडेवर घेऊन नुसती हसत होती. ती आष्टीची. आष्टीची माणसं रडायचं तेव्हा हसतात, हे मला लग्नानंतर बऱ्याच उशिरा कळलं.

दादाच्या त्या वाक्यामागं एक मेंढी आहे.

आमचं घराणं मेंढरांचं. आता शेती आहे, पण दादाच्या हातात अजून मेंढरू आहे. डोळे मिटून पाठीवरून हात फिरवतो आणि सांगतो, हिनं किती वितं टाकली, ही कोणत्या रानात चरली. मी सतरा-अठरा वर्षांचा असताना त्याला ताप आल्ता म्हणून त्यानं मला एकट्याला बाजारात पाठवलं. म्हणाला, "दोन दाती आण." दोन दाती म्हणजे नुकती वयात आलेली मेंढी. खालच्या जबड्यात दुधाचे दात असतात, मधले दोन पडून तिथं दोन मोठे दात येतात. तरणी, पहिल्या विताची, चांगली दहा कोकरं देईल अशी.

बाजारातल्या माणसानं मेंढीचं तोंड उघडून दाखवलं. दोन दात होते. मी मोजले. पुन्हा मोजले. घेऊन आलो.

दादानं अंथरुणातूनच हात लांब करून तिच्या तोंडात बोट घातलं आणि एकेक हिरडी चाचपली. दोन दात होते, हे खरंच होतं. बाकीचे म्हातारपणानं पडले होते.

"तुला पारख न्हाई, किसना," तो म्हणाला. रागानं न्हाई, डॉक्टर रोगाचं नाव सांगतो तसं. तेव्हापासून हे माझ्या कुंडलीतच लिहिल्यागत झालं. गावात कुणी मला टरबूजसुद्धा निवडू देत नसे.

पारख नसलेल्या माणसानं काय करावं? मी जालन्याच्या एका सळईच्या मिलमध्ये टेस्टिंगला लागलो. तिथं पारख लागत न्हाई, मशीन लागते. सळई वाकवायची, तडा गेला तर लॉट बाद, न गेला तर पास. सहा वर्षं मी सळया वाकवल्या. एके दिवशी नोकरी लावून देणारा एक माणूस म्हणाला, केनियाला जागा आहे, हूक क्वालिटी इन्स्पेक्टर. आमच्या मिलमध्ये हूक या शब्दाला एकच अर्थ. डोक्यावरच्या क्रेनला लटकतो तो, माणसाएवढा, वितळलेल्या लोखंडाचं भांडं उचलणारा. त्याच्याखालून जाताना भलेभले देवाचं नाव घेत.

फोनवर मुलाखत झाली. समोरच्यानं विचारलं, हूक वजनाखाली उघडला तर काय कराल? मी म्हणालो, लॉट बाद. तुटला तर? बाद, आणि भट्टीवाल्याला कळवीन, लोखंडाला पाणी जास्त चढून ते कडक झालंय. त्याला हे फार आवडलं. आम्ही दोघंही शंभर टक्के खरं बोलत होतो.

नैरोबीच्या कडेला, एका टेकडीवर, पत्र्याचं लांबलचक शेड. मी हेल्मेट घालून, बूट चढवून दारात उभा राहिलो आणि पहिल्यांदा वर बघितलं. क्रेन नव्हती. खाली अकरा बायका, प्रत्येकीसमोर टेबलाला लावलेला चिमटा, आणि हवेत कोंबड्यांची पिसं. माझा साहेब ओटिएनो, उंच, शांत, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यानं माझ्यासमोर कागदाची एक पुडी ठेवली.

"हूक," तो म्हणाला.

पुडीत जिऱ्याएवढं काहीतरी होतं. त्याच वेळी पीस नाकात जाऊन मला शिंक आली, आणि नोकरीच्या पहिल्या दहा मिनिटांत मी शंभर हूक त्या शेडभर पेरले. अकरा बायका आणि एक हेल्मेटवाला इंडियन अर्धा दिवस जमिनीवर रांगत होते. बूट मात्र कामाला आले. तळव्यात एकही हूक घुसला न्हाई.

धंदा असा. परदेशातली हौशी माणसं गळानं मासे धरतात, पण गांडूळ लावून न्हाई. बारीक हुकावर पिसं, केस, दोरा बांधून हुबेहूब माशी करायची. मासा फसतो आणि गिळतो. त्या माश्या या बायका बांधायच्या. हूक तयार येत, ते तपासायचं काम माझं. शाळेत मास्तर म्हणायचे, अभ्यास करा, न्हाई तर जन्मभर माशा मारत बसाल. मी अभ्यास केला न्हाई, आणि माशा मारण्याच्या पलीकडं गेलो. मी माशा बनवायच्या कारखान्यात लागलो.

नोकरी तीन महिने कच्ची. तीन महिन्यांत हुकाची पारख दाखवली तर पक्का कागद, आणि सुनंदाला नि पोरीला आणायची मोकळीक. न्हाई तर परत तेच बदनापूर, तोच फलाट, तेच हेल्मेट. आणि तिकडं दादानं अख्ख्या पंचक्रोशीत सांगून ठेवलेलं की किसना जहाजं उचलायचे हूक तपासतो. सुनंदाला मी खरं सांगितलं. दादाला सांगायची छाती झाली न्हाई. जेवणाच्या सुट्टीत फोन करायचो, त्याच्या बटणाच्या फोनवर. तो विचारायचा, "किती टनाचा होता आज?" मी म्हणायचो, "दहाचाच."

मला शिकवायला होती मामा वांजिरू. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, वडीलधाऱ्या बाईला मानानं तसंच म्हणतात. कानात लोलक, अंगात फुलाफुलांचा झगा, असा मामा मी जन्मात पाहिला नव्हता. तिनं सांगितलं, आधी टोक. अंगठ्याच्या नखावर हूक अलगद टेकव आणि ओढ. घसरला तर बोथट. जागेवर अडला तर धार. मग डोळा, म्हणजे जिथून दोरी ओवतात ते कडं. फट राहिली असेल तर दोरी कापते. मग चिमट्यात धरून टोकाला नखानं दाबायचं आणि सोडायचं. जागेवर परत आला तर बराबर. वाकलेलाच राहिला तर मऊ, कट्कन तुटला तर कडक. थोडक्यात, माझी सळईच, फक्त मुंगीनं वापरायची.

पास झालेला हूक वाटीत टाकताना मी तोंडानं "बराबर" म्हणायचो. स्वाहिलीत बराबरा म्हणजे रस्ता. पहिला आठवडाभर बायकांना वाटलं, हा माणूस प्रत्येक हुकाला रस्ता विचारतोय.

खरा घोळ दादाचा. फोनवर मी दादा-दादा करतो ते ऐकून, फोन ठेवला की मामा वांजिरू विचारायची, "दादा हजाम्बो?" म्हणजे दादा बरा आहे ना? मला भरून यायचं. मी म्हणायचो, हजाम्बो, बरा आहे. आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायचो: दादानं काल मिशा कातरल्या. दादाला खोकला आहे, पण बिडी सोडत न्हाई. दादा या वयातही मेंढ्या खांद्यावर उचलतो. बायका एकमेकींकडं बघत मान हलवायच्या. महिन्याभरानं मामानं मला बाजूला घेतलं आणि गंभीरपणे म्हणाली, तिचं लग्न करून टाक. कष्टाळू आहे, मिशीचं काय एवढं.

स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण.

बापाचा फोटो दाखवला तेव्हा कुठं उलगडा झाला. त्या दिवशी बायका इतक्या हसल्या की दुपारभर एकही माशी सरळ बांधली गेली न्हाई. मग माझ्या ध्यानात आलं की मी ओटिएनोसाहेबालाही मान म्हणून रोज सकाळी "गुड मॉर्निंग, दादा" म्हणत होतो. तो बिचारा मान झुकवून "गुड मॉर्निंग" म्हणायचा. त्याला वाटलं, इंडियात साहेबाला ताई म्हणायची पद्धत असेल.

हे सगळं हसण्यावारी गेलं. पुढचं गेलं न्हाई.

नखावरची परीक्षा मला काही केल्या जमेना. माझं नख सळया धरून धरून राकट झालेलं. बोथट हूकही अडल्यासारखा वाटायचा, धारेचाही घसरल्यासारखा. मग मला माय आठवली. गोधडी शिवताना ती दर चार टाक्यांनी सुई केसांतून फिरवते. सुई कशी सुळकन जाते. म्हटलं, हे डोकं देवानं कशाला दिलंय? मी एकेक हूक आधी केसांतून फिरवायचो आणि मग नखावर टेकवायचो. दोन-तीन टाळूत रुतले, पण बोथट हूक आता नखावरून सुळकन घसरायचा, काम झकास चाललं. मामा म्हणाली, काय करतोस? मी म्हणालो, आमच्या घरची रीत आहे.

आमच्या घरच्या रितीत खोबरेल तेल चापून लावलेलं असतं.

आठवड्याभरानं बांधलेल्या माश्या हुकावर गरगर फिरायला लागल्या. दोरा घसरायचा, गाठीवर लावतात ते रोगण धरायचं न्हाई. कुणाला काही कळेना. मामा वांजिरूनं एक माशी नाकाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणाली, "मोम्बासा." मोम्बासाला नारळाचा भात करतात. मग तिनं सावकाश माझ्या डोक्याकडं बघितलं.

अकरा बायकांची आठवड्याची मेहनत पात्यानं कापून काढावी लागली. कुणी मला एक शब्द बोललं न्हाई. "पोले," एवढंच मामा म्हणाली. पोले म्हणजे, वाईट झालं बाबा तुझं. त्यांचं वाईट मी केलं होतं आणि दिलासा त्या मला देत होत्या. याहून शिव्या बऱ्या. ओटिएनो मात्र म्हणाला, "तेल किंवा नोकरी. आणि किसन, महिनाच राहिलाय."

मी तडक जाऊन डोकं भादरून आलो. संध्याकाळी सुनंदाला व्हिडिओवर फोन लावला. माझं टक्कल बघून तिच्या हातातली परातच पडली. "अगं बाई, कोण गेलं?" आमच्यात डोकं कधी भादरतात हे मी विसरलोच होतो. मागून दादाचा आवाज आला, "म्या हाये अजून. इचार त्याला, कामून घाई करून राह्यला."

त्या रात्री झोपताना मला दादाचं फलाटावरचं वाक्य आठवलं असतं तर ही गोष्ट नीटनेटकी झाली असती. आठवलं न्हाई. आठवलं दुसऱ्या दिवशी, वैतागून, डोळ्यांत पीस गेलं म्हणून डोळे मिटले तेव्हा. डोळे मिटूनच हातातला हूक चिमट्यात लावला, दाबला, सोडला. आणि नखात काहीतरी कळलं. बारीक, सुईच्या टोकाएवढी थरथर. दुसरा लावला. त्याची वेगळी. इतके दिवस मी हूक डोळ्यांनी तपासत होतो आणि नखाला नुसती सही करायला लावत होतो. त्या मेंढीचे दातही असेच डोळ्यांनी मोजले होते. तेव्हापासून मी डोळे मिटून बसायला लागलो. बायकांना वाटलं, प्रार्थना करतोय. माझी परिस्थिती बघता ते बरोबरच होतं.

महिना संपायला चार दिवस होते. नवा माल आला. काय तो माल. काळाभोर, चमकदार, टोकं अशी की नखावर खिळल्यागत अडावीत. मोठी ऑर्डर तोंडावर होती, बायका दोरे ओवून बसलेल्या. ओटिएनो म्हणाला, पटकन बघ आणि सोड.

मी डोळे मिटले. पहिला बराबर. दुसरा बराबर. तिसरा दाबून सोडला, तो परत आला, पण आळसावल्यासारखा. उठवलेलं पोरगं परत अंथरुणात पडतं तसा. पुढं चार चांगले, मग पुन्हा एक तसाच.

"माल थांबवा," मी म्हणालो.

ओटिएनोनं चष्मा सारखा करून हूक उजेडात धरला. "चांगले दिसतात की."

"दिसायला ती मेंढीपण चांगलीच होती," मी मराठीत म्हणालो. मग इंग्रजीत: "काही मऊ आहेत. सगळे न्हाईत."

"नक्की?"

शेडमधल्या अकराही जणी माझ्याकडं बघत होत्या. त्यांची मेहनत मी एकदा नासवली होती. आता माल अडवला आणि चुकलो तर ऑर्डर बुडणार. सोडला आणि माझा संशय खरा निघाला, तर त्यांच्या माश्यांचे हूक कुठल्या तरी परदेशी नदीत ऐन वेळी उघडणार, आणि दोष त्यांच्या हाताला लागणार. मी म्हणालो, "मिलमध्ये करायचो तसं करून बघू."

छताच्या लोखंडी दांडीला चांगला वाटला तो हूक दोरीनं बांधला आणि त्याच्या टोकाला पाण्याची बाटली लटकवली. शेजारी तसाच आळशी हूक, तशीच बाटली. सगळे उभे राहून बघायला लागले. काहीच होईना. ओटिएनोनं घड्याळ बघितलं. माझ्या टकलावरून घाम कानामागं उतरत होता. मी दोन्हीकडं आणखी एकेक बाटली लावली. चांगला हूक तसाच. आळशी हूक हळूहळू, अगदी सावकाश, कोयरी उलगडावी तसा सरळ झाला आणि बाटल्या धाडकन माझ्या बुटांवर पडल्या.

लोखंडी टोकाच्या बुटांवर. त्यासाठीच आणले होते म्हणा.

"सावा," ओटिएनो म्हणाला. ठीक आहे. मग नेहमीसारखी मान झुकवून म्हणाला, "माल परत जाईल. थँक यू, दादा." आणि अकरा बायका पुन्हा काम सुचू नये इतक्या हसल्या.

पक्का कागद चौथ्या दिवशी मिळाला.

दोन वर्षांनी पहिली सुट्टी मिळाली. सुनंदाचा नि पोरीचा पासपोर्ट झाला होता, त्यांना न्यायलाच आलो होतो. बदनापूरला उतरलो. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, केस होते, तेल नव्हतं. घरी गेलो तर दादा ओट्यावर बसलेला. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे दुधाळ झालेले, ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलेलं. मी पायाला हात लावला तर माझ्या मनगटावरून हात फिरवून म्हणाला, "वाळला न्हाईस. बरं हाय तिकडचं खाणं."

शेजारचे चार जण जमले. एक जण म्हणाला, "काय किसनराव, जहाजं उचलून आलात?" मी हो-हो केलं. ते गेल्यावर मात्र बसवेना. खिशातून पुडी काढली आणि एक हूक दादाच्या तळहातावर ठेवला.

"काय हाये?"

"हूक."

"कशाचा?"

"मी तपासतो तो. सगळे एवढेच असत्यात, दादा. माशांचे गळ. दहा टनाचं मी आधी चुकून म्हणलो, आणि मग खोटं म्हणलो."

आतून मायच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता, तो थांबला. त्या मेंढीच्या दिवशी केला होता तसाच दादानं दुसरा हात लांब केला. मग त्यानं हूक दोन बोटांत धरला. डोळे तसेही दिसत नव्हते, तरी त्यानं ते मिटले. टोकावरून बोट फिरवलं, कड्यावरून फिरवलं. मी न सांगता त्यानं तो अंगठ्याच्या नखावर टेकवला आणि ओढला. हूक अडला. मग दोन्ही बोटांनी दाबून सोडला. परत दाबून सोडला.

"हे समदं हातानं कळतंय तुला?"

"व्हय."

"डोळे मिटून?"

"व्हय."

"दहा टनाचा तर आंधळ्याला पण दिसतो," दादा म्हणाला. त्यानं हूक माझ्या हातात परत दिला, एकदा पारखलेलं जित्राब पुन्हा तपासायचं नसतं तसा, माझी मूठ बंद करून. "दोन दाती हाय. ह्या बारीला बराबर आणलीस."

मग म्हणाला, "लोकाला मातर दहा टनच सांगत जा. मपली इज्जत हाय."

हे लिहितोय ते टेकडीवरच्या शेडमधून, जेवणाच्या सुट्टीत. गावात गेलात तर तुम्हीही दहा टनच सांगा. पोर इथल्या शाळेत जाते आणि घरी येऊन मला रागावते की मी ओटिएनोअंकलला ताई म्हणतो. सुनंदा मामा वांजिरूकडून चिमट्यावर बसायला शिकून राह्यली. तिचं नख माझ्यापेक्षा मऊ आहे, महिन्याभरात मला मागं टाकील. दादाचं ऑपरेशन झालं, त्याला आता लांबचं ढोरही दिसतं. पण नवा माल आला की मी फोन लावतो आणि तो पहिलं, मेंढीबद्दल विचारावं तसं, विचारतो, "कशी हाये?"

मी फोनमध्ये मोठ्यानं म्हणतो, "दादा." तिकडून म्हातारा "बोल" म्हणतो. इकडं सुनंदासकट बारा जणी चिमट्यावरून माना वर करतात.